घराची वही, पेढीची वही

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे वचन व्यापारी घरांतील मुले लहानपणापासून ऐकत आलेली असतात. उधारी अडकली, मालात खोट निघाली, भागीदारांत बेबनाव झाला, तरी चार वडीलधाऱ्यांना बसवून प्रकरण मिटवावे, ही बाजारपेठेची जुनी रीत. धंद्याच्या व्यवहारात ती पुष्कळदा उपयोगीही पडते. विवाह मोडकळीस येतो तेव्हा मात्र या रीतीला एक मर्यादा पडते. समेट घडवून आणणे वडीलधाऱ्यांच्या हाती असते. विवाह संपुष्टात आणण्याचा अधिकार साधारणतः न्यायालयाकडेच असतो. त्यामुळे कधी ना कधी वकिलाचे दार ठोठवावे लागते, आणि त्या दारात बहुतेक कुटुंबे अपुऱ्या माहितीनिशी आणि चुकीच्या कागदांनिशी उभी राहतात.

सातारा आणि सांगली हे जिल्हे एकेकाळी एकच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्हे वेगळे झाले, सोयरिकी वेगळ्या झाल्या नाहीत. फलटण, लोणंद, कऱ्हाडच्या लेकी सांगली, मिरज, तासगावच्या घरांत सुना म्हणून येतात आणि तिकडच्या इकडे जातात. व्याही एकमेकांचे गिऱ्हाईक असतात, कधी एकमेकांचे जामीनदारही असतात. अशा घरांत पति-पत्नींत बिनसते तेव्हा केवळ दोन माणसे दुरावत नाहीत. एक हिशेबच उसवतो.

उदाहरणादाखल एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले एकत्र कुटुंब. सून साताऱ्याची. विवाहाला नऊ वर्षे झालेली, सात वर्षांची एक मुलगी. प्राप्तिकराच्या सोयीसाठी सुनेला पेढीत वीस टक्क्यांची भागीदार केलेले आहे. पेढीच्या साठ लाखांच्या कॅश क्रेडिट कर्जाला तिची जामीनदार म्हणून सही आहे. तिचे दागिने सासूबाईंच्या आणि तिच्या संयुक्त नावावरील लॉकरमध्ये आहेत. पेढीचा ताळेबंद तिने कधी पाहिलेला नाही. गेले वर्षभर ती मुलीसह माहेरी आहे. हे चित्र कल्पित असले तरी त्यातली एकही बाब बाजारपेठेला अपरिचित नाही. पुढील विवेचनात या कुटुंबाचा पुन्हा पुन्हा उल्लेख येईल. कारण कौटुंबिक वकिलाचे कौशल्य अशा घरातच पणाला लागते.

जैन कुटुंबांना कोणता कायदा लागू?

हा प्रश्न काही वर्षांपूर्वी कोणी विचारला नसता. हिंदू विवाह कायदा, १९५५ यातील दुसऱ्या कलमात तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. परंतु जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, आणि त्या आधारावर फेब्रुवारी २०२५ मध्ये इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने एका जैन दांपत्याचा परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज फेटाळला. जैन समाज आता या कायद्याखाली येत नाही, असे त्या न्यायालयाचे मत पडले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. अल्पसंख्याक दर्जाच्या अधिसूचनेने विवाह कायद्यातील स्पष्ट तरतूद बदलत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. जैन पक्षकाराच्या वकिलाने हा निकाल आपल्या टाचणात ठेवावा. कारण हीच हरकत उद्या अन्यत्रही कोणी घेऊ शकेल.

या भागात विवाहविच्छेदाचा विचार १९५५ पूर्वीही झालेला आहे. शेजारच्या करवीर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ मध्ये काडीमोडीविषयी आणि स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारे कायदे केले. मुंबई प्रांतात १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा आला. म्हणजे या विषयावर कायद्याची नजर पडून शंभर वर्षे उलटून गेली आहेत; समाजात मात्र तो अजून दबक्या आवाजात बोलला जातो.

या दबक्या आवाजातूनच एक मोठी चूक जन्म घेते. स्टँप पेपरवर ‘सोडचिठ्ठी’ लिहायची, नोटरीचा शिक्का घ्यायचा आणि दोन्ही कुटुंबांनी मोकळे झालो असे समजायचे. १९५५ च्या कायद्याने रूढीनुसार होणारा घटस्फोट मान्य ठेवला आहे हे खरे. परंतु ज्या समाजात अशी रूढी प्राचीन काळापासून अखंड चालत आल्याचे पुराव्याने सिद्ध होते, तिथेच त्याचा आधार मिळतो. बहुसंख्य जैन कुटुंबांना असा पुरावा देता येणार नाही. अशा कागदावर विसंबून दुसरा विवाह केला, तर तो विवाह रद्दबातल ठरण्याचा आणि द्विभार्या प्रतिबंधाखाली फौजदारी कारवाई होण्याचा धोका असतो. हे पहिल्याच भेटीत सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे आणि ते ऐकून घेणे कुटुंबाचे.

घरचे वकील आणि सुनेचे वकील

व्यापारी घराला बहुधा एक ‘घरचे वकील’ असतात. दुकानाचा भाडेकरार, धनादेश न वटल्याची नोटीस, भागीदारीनामा, सारे त्यांच्याच हातून झालेले असते. घरात वाद झाला की पावले आपसूक त्यांच्याकडे वळतात. येथे थांबणे आवश्यक आहे. ज्या वकिलांनी भागीदारीनामा लिहिताना सुनेलाही सल्ला दिला, त्यांनी त्याच बाबींच्या वादात तिच्याविरुद्ध उभे राहू नये, अशी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांची अपेक्षा आहे. जाणते वकील अशा वेळी दोन्ही बाजूंना सांगतात, “तुम्ही दोघेही दुसरे वकील पाहा, समेटाची बोलणी होणार असतील तर मी बसेन.” असे सांगणारा वकील घर सोडत नाही, घराची लाज राखतो.

दुसरा प्रश्न अशील कोण, हा. फी वडील देतात, मोटारीने काका घेऊन येतात, बोलतो मोठा भाऊ, आणि जिच्या आयुष्याचा प्रश्न आहे ती लेक कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसलेली असते. वकीलपत्रावर जिची सही, ती अशील. म्हणून अनुभवी वकील पहिल्या भेटीतील काही वेळ तिच्याशी एकटीशी बोलण्यासाठी राखून ठेवतात. तिला नांदायचे आहे, वेगळे राहायचे आहे की कायमचे मोकळे व्हायचे आहे, हे तिच्या तोंडून ऐकतात. मुलाच्या बाजूलाही हेच लागू. “आईचे म्हणणे असे आहे” या वाक्याने सुरू होणारी कैफियत न्यायालयात फार काळ टिकत नाही.

त्याच भेटीत आधी विचारायचा प्रश्न सुरक्षिततेचा. मारहाण, धमकी किंवा घराबाहेर काढण्याचा प्रकार असेल, तर घटस्फोटाची चर्चा नंतर. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ खाली संरक्षण, निवारा आणि निर्वाह खर्च यांचे आदेश मिळू शकतात. घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी ते ‘सामाईक घर’ ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तातडीच्या वेळी ११२ आणि महिलांसाठीची १८१ ही मदतवाहिनी घरातील प्रत्येकाला पाठ असावी.

फीविषयी संकोच बाळगू नये. निकालाच्या यशावर किंवा मिळणाऱ्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरविण्यास वकिलांना मनाई आहे. फी किती, कोणत्या टप्प्याला, टपाल आणि मुद्रांकाचा खर्च वेगळा की त्यातच, हे लिहून घ्यावे. आणि ज्या स्त्रीजवळ फीचे पैसे नाहीत तिने माघार घेण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे काम साताऱ्यातही चालते आणि सांगलीतही. श्रीमंत घरातील सुनेच्या स्वतःच्या हातात मात्र रिकामी पर्स असणे, ही गोष्ट व्यापारी समाजाला नवी नाही.

सातारा की सांगली?

विवाह जिथे झाला, प्रतिवादी जिथे राहतो, दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिले, त्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने यात एक भर पडली: अर्जदार पत्नी असेल तर ती सध्या राहते तिथेही तिला अर्ज करता येतो. म्हणून आपल्या उदाहरणातील सून साताऱ्याच्या न्यायालयात जाऊ शकते. यावर सासरची मंडळी बहुधा सांगलीत आपला वेगळा अर्ज दाखल करतात, मग बदलीचे अर्ज होतात आणि मूळ प्रश्न वर्षभर तसाच पडून राहतो. दोन्ही वकिलांनी आरंभीच एका ठिकाणावर सहमती केली, तर तेवढे वर्ष वाचते.

पुढच्या टप्प्यासाठी एक मोठी सोय अलीकडे झाली आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील खंडपीठ ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. सांगलीकराला आता अपिलासाठी मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागत नाही. जवळ आलेल्या न्यायाचा दुरुपयोगही सोपा होतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. कोल्हापूर जवळ आहे म्हणून प्रत्येक किरकोळ आदेशाविरुद्ध धाव घेणे हे वकिलाच्या फीला पोषक असेल, अशिलाला नव्हे.

एकाच कागदाचे दोन अर्थ

व्यापारी घरातील विभक्ततेचा खरा गुंता येथून पुढे आहे. पगारदाराच्या घरात उत्पन्न किती हा प्रश्न पगारपत्रकाने सुटतो. व्यापाऱ्याच्या घरात घराची वही आणि पेढीची वही एकमेकींत गुंतलेली असते. किराणा पेढीतून, शाळेची फी पेढीतून, मोटार पेढीच्या नावावर, आणि मालकाच्या प्राप्तिकर विवरणात उत्पन्न मात्र बेताचे.

या विषयात सर्वांत उपयुक्त निकाल महाराष्ट्रातीलच एका प्रकरणातून आलेला आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेला पोटगीचा एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी त्यात देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या गेल्या. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात पति-पत्नी दोघांनीही आपली मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यायचे आहे. उत्पन्न, बँक खाती, ठेवी, विमा, शेअर, स्थावर, दागिने, कर्जे, भागीदारीतील हिस्सा, सारे त्यात येते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावयाची आहे. खोटे शपथपत्र दिल्यास त्याची फौजदारी दखल घेता येते.

आता आपल्या उदाहरणाकडे यावे. सून दरमहा निर्वाह खर्च मागते. पेढीचे वकील उत्तर देतात, “अर्जदार पेढीत वीस टक्क्यांच्या भागीदार आहेत, त्यांच्या विवरणपत्रात चार लाखांचे उत्पन्न आहे.” सून म्हणते, “त्यातला एक रुपयाही माझ्या हाती आला नाही; मी नावापुरती भागीदार आहे.” मग ती भागीदार म्हणून आपल्या भांडवल खात्याचा हिशेब मागते, तेव्हा हीच पेढी म्हणते, “त्या नावापुरत्याच होत्या.” एकाच कागदाचे दोन ठिकाणी दोन अर्थ लावले जातात. दोन्ही बाजू त्यात अडकतात. कारण न्यायाधीशांसमोर दोन्ही कागद एकाच दिवशी ठेवले जाऊ शकतात, आणि प्राप्तिकर खात्याचे लक्षही तिकडे वळू शकते.

यातून बाहेर पडण्याचा मार्ग साधा आहे. शपथपत्र लिहिण्यापूर्वी सनदी लेखापालाला बरोबर घेऊन मागील तीन वर्षांची विवरणपत्रे, पेढीचा ताळेबंद आणि बँकेचे उतारे यांचा मेळ घालावा. भागीदारी कायदा, १९३२ नुसार प्रत्येक भागीदाराला पेढीच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा अधिकार आहे. सुनेच्या वकिलाने तो लेखी मागावा. पेढीच्या वकिलाने वह्यांत मागाहून फेरफार करण्याचा मोह आपल्या अशिलाला होऊ देऊ नये. आधीच घेऊन ठेवलेल्या कोऱ्या सह्यांवर निवृत्तीपत्र तयार करण्याची क्लृप्ती तर दिवाणी वादाला थेट फौजदारी वळण देते.

बँकेच्या खिडकीशी

न्यायालयाचा हुकूमनामा पति-पत्नींना बांधतो; बँकेला दिलेली जामीनकी त्याने आपोआप सुटत नाही. ही एक गोष्ट न कळल्याने कित्येक स्त्रिया घटस्फोटानंतरही पूर्वीच्या सासरच्या कर्जात बांधलेल्या राहतात. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकले की बँक जामीनदाराच्या दाराशी येते आणि तिच्या पतइतिहासावरही डाग पडतो.

म्हणून सुनेच्या वकिलाने पहिल्या महिन्यातच बँकेला लेखी पत्र देऊन यापुढील व्यवहारांपुरती जामीनकी मागे घेत असल्याचे कळवावे. चालू स्वरूपाच्या जामीनकीला कायद्याने तशी मुभा दिली आहे. करारातील अटी मात्र वाचून घ्याव्यात. आजवरच्या बाकीची जबाबदारी त्याने सुटत नाही. ती सुटण्यासाठी दुसरा जामीनदार किंवा तारण देऊन बँकेकडून लेखी मुक्तिपत्र मिळवावे लागते. हे मुक्तिपत्र मिळवून देण्याची जबाबदारी आणि मुदत तडजोडीच्या कागदात पतीच्या बाजूवर घातलेली असावी.

भागीदारीचेही तसेच. निवृत्तीपत्र झाले एवढ्याने काम संपत नाही. जाहीर सूचना होईपर्यंत निवृत्त भागीदार तिऱ्हाइतांच्या देण्याला जबाबदार राहतो. म्हणून नोंदणीकृत पेढीच्या बाबतीत भागीदारी संस्थांच्या निबंधकांना कळविणे, राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रात सूचना देणे, वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत पंधरा दिवसांत बदल करणे आणि बँकेला नवा भागीदारीनामा सादर करणे, ही सर्व पावले क्रमाने टाकावीत. तिच्या भांडवलाचा हिशेब न करता पेढी पुढे चालू ठेवली, तर त्या भांडवलाच्या वापरातून झालेल्या नफ्याचा वाटा किंवा दरसाल सहा टक्के व्याज यांपैकी एक निवडण्याचा हक्क, विरुद्ध करार नसल्यास, कायदा तिला देतो.

लॉकरचा वाद सर्वांत कडू असतो, कारण त्यात आईने दिलेले गोठ आणि आजीची मोहनमाळ असते. स्त्रीधन हे स्त्रीच्या एकटीच्या मालकीचे. ते सांभाळण्यासाठी सासरी ठेवले तरी मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितले आणि त्यानंतरही वेळोवेळी अधोरेखित केले. वाद असतो तो पुराव्याचा. विवाहप्रसंगीच्या वस्तूंची दोन्ही बाजूंच्या सहीची यादी, सराफाच्या पावत्या आणि छायाचित्रे असतील तर निम्मे काम झाले. लॉकर कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता उघडले याची नोंद बँकेत असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनांनुसार लॉकर उघडल्याचा संदेश ग्राहकाला जातो आणि कॅमेऱ्याचे चित्रण किमान १८० दिवस जपून ठेवावे लागते. म्हणजे वकिलाच्या हाती सहा महिनेच असतात. दागिने गेल्याची शंका आली की चित्रण जपून ठेवण्याची विनंती बँकेला त्याच आठवड्यात लेखी द्यावी.

उरलेल्या गोष्टी छोट्या, पण विसरल्या जाणाऱ्या. ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीच्या संयुक्त खात्यात एकाने लेखी हरकत घेतली की बँक सहसा दोघांच्या सहीशिवाय पैसे देत नाही. मात्र त्या खात्यातून मुलीची फी जात असेल तर आधी तिची सोय करावी. ठेवी, भविष्य निर्वाह निधी आणि विमा यांवरील नामनिर्देशन हुकूमनाम्याने आपोआप बदलत नाही. ते स्वतः जाऊन बदलावे लागते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पतीने घेतलेली विमा पॉलिसी पत्नी आणि मुलांसाठीचा विश्वस्त निधी ठरते; ती पेढीच्या धनकोंच्या हाती सहजी लागत नाही. हिंदू अविभक्त कुटुंबाची सदस्य म्हणून सुनेचे स्थान घटस्फोटाने संपते. तिच्या लेकीचे जन्मसिद्ध स्थान मात्र कायम राहते. हे वाक्य तडजोडीच्या कागदात स्पष्ट लिहिलेले असावे.

लेकरू मधे आहे

अपत्याच्या ताब्याचा निर्णय अपत्याच्या हितावर होतो, आईबापांच्या हक्कांच्या तोलावर नव्हे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असे १९५६ चा पालकत्वविषयक कायदा सांगतो. त्यानंतर मुलाचे वय, इच्छा, शाळा, घरातील वातावरण यांचा विचार होतो.

आपल्या उदाहरणातील मुलगी सात वर्षांची आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बाबांची भेट असा आदेश झाला तरी साताऱ्याहून सांगलीला तिला कोण नेणार, परत कोण आणणार, आजीच्या हातची दिवाळी कुठे, परीक्षेच्या आठवड्यात काय, आजारपणात कोणाला कळवायचे, हे आदेशात नसेल तर दर पंधरवड्याला बसस्थानकावर एक नवे भांडण उभे राहते. चांगले वकील अशा वेळी दोघांकडून वर्षभराचे वेळापत्रक लिहून घेतात. शाळेची फी पेढीतून न भरता वडिलांच्या वैयक्तिक खात्यातून थेट शाळेला भरावी, म्हणजे तिचा हिशेब वेगळा राहतो आणि वादही उरत नाही. आणि एक नियम दोन्ही घरांनी पाळावा: निरोप मुलीकरवी धाडू नये. न्यायालयाच्या समन्सला बेलिफ असतो. लेकराला तो हुद्दा देऊ नये.

समेट, विभक्तता, घटस्फोट

मिटविण्याची बाजाराची जुनी रीत कायद्यालाही मान्य आहे. समेटाचा प्रयत्न करणे हे हिंदू विवाह कायद्याने न्यायालयाचे कर्तव्यच ठरविले आहे, आणि न्यायालयांतून मध्यस्थीची सोयही आहे. वडीलधाऱ्यांच्या बैठकीपेक्षा ही मध्यस्थी एका बाबतीत सरस असते. तिथे सुनेच्या माहेरचा आणि पेढीच्या मालाचा संबंध आड येत नाही, आणि तिथे बोललेले गोपनीय राहते.

घटस्फोट नको, पण एकत्र राहणेही शक्य नाही, अशांसाठी न्यायिक विभक्तता हा मधला मार्ग आहे. घटस्फोट दोघांनाही हवा असेल तर परस्पर संमतीचा अर्ज करता येतो. त्यासाठी किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. मात्र दीर्घकाळ विभक्त असलेल्या आणि पोटगी, ताबा आदी सर्व बाबी खऱ्या अर्थाने मिटलेल्या दांपत्यांना हे सहा महिने माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये ठरविले. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो, हे लक्षात घेऊन रकमेचे हप्ते पाडावेत: काही भाग अर्जाच्या वेळी, उरलेला हुकूमनाम्याच्या दिवशी, धनाकर्षाने. रोख रकमेची बोलणी करू नयेत. आज सोयीची वाटणारी रोकड उद्या सिद्ध करता येत नाही. एकरकमी पोटगी आणि दरमहाची पोटगी यांची प्राप्तिकराच्या दृष्टीने गणना वेगवेगळी होते, म्हणून सही करण्यापूर्वी लेखापालाचे मत घ्यावे.

आणि संतापाच्या भरात लिहिलेल्या फिर्यादीविषयी. खरा छळ झाला असेल तर फौजदारी कायद्याचा आधार घ्यावाच. त्यात कमीपणा नाही. परंतु धाकटी नणंद, परगावी राहणारा दीर, अंथरुणाला खिळलेले आजेसासरे अशा सर्वांची नावे सरसकट गोवल्याने खरी तक्रार दुबळी होते, आणि न्यायालयांनीही त्यावर वारंवार नापसंती दर्शविली आहे. तसेच मुलाच्या बाजूने सुनेच्या चारित्र्यावर पुराव्याविना शिंतोडे उडविणे हे स्वतःच क्रूरतेचे उदाहरण ठरू शकते. उभय पक्षी मसुद्यातील प्रत्येक वाक्य ते लेकरू पंधरा वर्षांनी वाचणार आहे असे समजून लिहिले, तर पुष्कळ वाक्ये आपोआप गळतील.

शिल्लक

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी जुनी वही बंद करतो तेव्हा तो येणे लपवीत नाही आणि देणेही पुसत नाही. दोन्ही नव्या वहीत ओढून घेतो, मगच पहिल्या पानावर हात ठेवतो. विवाहाची वही मिटवतानाही याहून वेगळे काही करावयाचे नसते. सुनेचे दागिने, तिचे भांडवल, तिच्या सहीची सुटका; मुलाच्या बाजूचे खरे कर्ज, खरे उत्पन्न; आणि दोघांची सामाईक अशी एक लेक. एवढे सगळे प्रामाणिकपणे कागदावर आले, तर न्यायालयाला ठरवायचे थोडेच उरते आणि वकिलाला भांडायचेही.

साताऱ्याची ती मुलगी उद्या सांगलीच्या आजोबांच्या पेढीवर आली, तर गादीवर बसलेल्या आजोबांना तिच्या नजरेला नजर देता यावी. अशा प्रकरणात जिंकणे म्हणतात ते याहून अधिक काही नसते.